भिंतीवरचे फोटो उतरवले आणि घराची किंमत वाढली

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन काउंटी लागते. अमेरिकेतल्या अतिश्रीमंत भागांपैकी हा एक. त्याच काउंटीत, सॉसालिटो गावाच्या पाठीला, मरिन सिटी नावाची छोटी वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात सॉसालिटोच्या मरिनशिप गोदीत जहाजं बांधायला देशभरातून, विशेषतः दक्षिणेकडून, हजारो कामगार आले. त्यांना राहायला सरकारने ही वस्ती उभी केली. युद्ध संपलं, गोदी बंद झाली, गोऱ्या कामगारांनी आसपास घरं घेतली आणि ते निघून गेले. कृष्णवर्णीयांना मात्र आजूबाजूला कुणी घर विकेना. ते तिथेच राहिले.

२०१६ च्या अखेरीस इथल्या एका कृष्णवर्णीय जोडप्याने साडेपाच लाख डॉलरला घर घेतलं आणि त्यावर भरपूर पैसा ओतून ते वाढवलं, सुधारलं. जानेवारी २०२० मध्ये कमी व्याजाचं नवं कर्ज घ्यायचं ठरलं, म्हणून घराचं मूल्यांकन झालं. आकडा आला ९ लाख ९५ हजार डॉलर. तो त्यांना पटेना. त्यांनी दुसरं मूल्यांकन मागवलं, पण या वेळी तयारी वेगळी होती. भिंतींवरचे कुटुंबाचे फोटो उतरवले. आफ्रिकी कलेच्या वस्तू आवरून ठेवल्या. एका गोऱ्या मैत्रिणीने आपल्या घरचे फोटो आणून मांडले आणि मूल्यांकन करणारा आला तेव्हा घरची मालकीण म्हणून तिनेच दार उघडलं. आकडा आला १४ लाख ८२ हजार ५०० डॉलर. दोन भेटींमध्ये जेमतेम तीन आठवडे गेले होते.

हे प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२३ मध्ये तडजोडीने मिटलं. तोवर अशा आणखी गोष्टी बाहेर आल्या होत्या. इंडियानापोलिसमधल्या एका कृष्णवर्णीय बाईच्या घराला आधी १ लाख २५ हजार, मग १ लाख १० हजार आणि एक गोरा माणूस तिचा भाऊ म्हणून दारात उभा राहिल्यावर २ लाख ५९ हजार डॉलर किंमत मिळाली. बाल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकवणाऱ्या एका दांपत्याचं घर २०२१ मध्ये ४ लाख ७२ हजाराचं ठरलं. काही महिन्यांनी, फोटो बदलून आणि एका गोऱ्या सहकाऱ्याला पुढे करून, तेच घर साडेसात लाखांचं झालं. त्या दोघांमधल्या नवऱ्याचा अभ्यासविषय होता वंशभेद आणि स्थावर मालमत्ता यांचा इतिहास. नियतीला विनोदबुद्धी असते, फक्त ती दरवेळी चांगल्या ठिकाणी वापरली जात नाही.

या घटनांतून अमेरिकेत कायद्यांचा एक छोटा हंगाम सुरू झाला. त्याची गोष्ट सांगण्याआधी हे मूल्यांकन होतं कसं ते पाहायला हवं, कारण सगळी गोम तिथेच आहे.

आपल्याकडे गृहकर्ज काढताना बँकेचा व्हॅल्युअर येऊन जातो. तिकडे त्याला अप्रेझर म्हणतात. आपल्याकडे निदान मुद्रांक शुल्कापुरता सरकारी रेडी रेकनरचा दर तरी छापलेला असतो. तिकडे घराच्या कर्जासाठी असा कुठलाही छापील दर नाही. अप्रेझर घर बघतो, मोजमाप घेतो आणि मग आसपास नुकतीच विकली गेलेली, याच घरासारखी निदान तीन घरं निवडतो. या घरांना धंद्याच्या भाषेत 'कॉम्प्स' म्हणतात. तुलनेच्या घराला एक न्हाणीघर जास्त असेल तर त्याच्या किमतीतून काही रक्कम वजा करायची, त्याला गॅरेज नसेल तर काही मिळवायची. अशी बेरीज-वजाबाकी करून शेवटी एक आकडा लिहायचा.

बेरीज-वजाबाकी तपासता येते. निवड तपासणं अवघड. 'आसपास' म्हणजे किती लांब? 'यासारखं' म्हणजे कशासारखं? मरिन सिटीतल्या घराची तुलना मरिन सिटीतल्याच घरांशी करायची की दहा मिनिटांवरच्या सॉसालिटोतल्या घरांशी? पहिला पर्याय घेतला की किंमत खाली, दुसरा घेतला की वर. मरिन सिटीच्या खटल्यात वादींचा एक मुख्य आक्षेप या निवडीवरच होता. अप्रेझर मनात द्वेष घेऊनच यायला हवा असं नाही. त्याने गावाचा नकाशा डोक्यात कसा आखला आहे, एवढ्यावर लाखो डॉलर इकडचे तिकडे होतात.

यात घरमालकाचं नुकसान कसं होतं ते सरळ गणिताने बघा. समजा, घराचा सौदा पाच लाख डॉलरला ठरला आणि बँक किमतीच्या ८० टक्के कर्ज देते. अप्रेझरनेही पाच लाख म्हटलं तर कर्ज चार लाख. त्याने साडेचार लाख म्हटलं तर कर्ज ३ लाख ६० हजार. वरचे ४० हजार ग्राहकाने खिशातून घालायचे, विकणाऱ्याने किंमत उतरवायची किंवा सौदा मोडायचा. अनेकदा विकणाराच किंमत उतरवतो. आणि ती उतरवलेली किंमत उद्या शेजारच्या घरासाठी 'कॉम्प' म्हणून वापरली जाते.

निवडीचा हा नकाशा अप्रेझरांच्या डोक्यात आला कुठून? या पेशाच्या जन्मातच तो आहे. होमर हॉइट नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९३३ मध्ये शिकागोतल्या शंभर वर्षांच्या जमीनभावांवर एक ग्रंथ लिहिला. आजही तो अभ्यासाच्या चिकाटीबद्दल वाखाणला जातो. त्यात एक उतरंड आहे: कोणत्या वंशाचे, कोणत्या देशातले लोक राहायला आले की जमिनीच्या भावावर काय परिणाम होतो, याची. सर्वांत वर इंग्रज, जर्मन, स्कॉट, आयरिश आणि स्कँडिनेव्हियन. मग उत्तर इटलीचे, चेक, पोलिश, लिथुआनियन, ग्रीक, रशियन ज्यू, दक्षिण इटलीचे. तळाशी कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन. आपण भारतीय या यादीत नाही, पण उतरंड म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. पुढे हॉइट संघराज्य सरकारच्या नव्या गृहकर्ज विमा संस्थेत, फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, वरच्या पदावर गेला.

त्याच दशकात सरकारच्याच दुसऱ्या एका संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. उत्तम वस्ती हिरवी, बरी निळी, उतरणीला लागलेली पिवळी, धोक्याची लाल. 'रेडलायनिंग' हा शब्द या लाल रंगाशी जोडला गेला आणि नकाशे प्रसिद्ध झाले. मला वाटतं, त्यांच्या प्रसिद्धीमुळे खरा दोषी थोडा झाकला गेला. कर्जं कुठे मिळतील हे ठरवण्यात त्या नकाशांचा वाटा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. गृहकर्ज विमा संस्थेच्या नियमपुस्तिकेबद्दल वाद नाही. वस्तीत 'न जुळणारे' वंशगट शिरण्याचा धोका असेल तर घराचा दर्जा खाली धरा, असं १९३८ ची पुस्तिका तपासनिसांना सांगत होती. इतर वंशांना घर न विकण्याची अट खरेदीखतात घालणं ती चांगलं मानत होती. अप्रेझरांच्या दोन पिढ्या ही शिकवण घेऊन तयार झाल्या.

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ला झाली. त्यानंतर आठवडाभरात, ११ एप्रिलला, घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी घालणारा फेअर हाउसिंग ॲक्ट झाला. तरीही अप्रेझरांच्या पाठ्यपुस्तकांत वंश आणि किंमत यांची सांगड तशीच राहिली. अखेर १९७६ मध्ये न्याय खात्याने त्यांच्या व्यावसायिक संघटनांवरच दावा लावला. त्यातल्या मोठ्या संघटनेने पुढच्या वर्षी तडजोड करून आपल्या पुस्तकांतला मजकूर बदलायचं मान्य केलं. १९८८ च्या दुरुस्तीने तर फेअर हाउसिंग ॲक्टमध्ये अप्रेझल हा शब्दच स्पष्टपणे घातला.

मग चाणाक्ष वाचक विचारेल, भेदभावाला बंदी इतकी वर्षं आहे तर नवा कायदा कशाला? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की बंदी आहे, पण ती मोडली हे सिद्ध करायची सोय नाही. अप्रेझरचे पैसे शेवटी घरमालकाच्या खिशातून जातात, पण कायद्याने अप्रेझरचं गिऱ्हाईक आहे बँक. गृहकर्ज बाजाराच्या २००८ मधल्या पडझडीनंतर तर बँकेचे विक्रीवाले किंवा दलाल यांनी अप्रेझरवर दबाव आणू नये म्हणून भिंती आणखी उंच झाल्या. पडझडीआधी कर्ज सुटावं म्हणून फुगवलेल्या किमती लिहून घेतल्या जात होत्या, त्यावरचा तो उपाय. त्या भिंतीआड घरमालकाचा आवाजही अडकला. अहवालाची प्रत त्याला मिळते, पण ती चुकली आहे असं वाटलं तर दाद कुठे मागायची, किती दिवसांत उत्तर मिळेल, हे बँकेबँकेवर अवलंबून होतं. स्वतःच्या घरातले फोटो उतरवून दुसऱ्याला मालक म्हणून उभं करणं हा त्या कुटुंबांना उरलेला एकमेव पुरावा होता.

या कोंडीवर अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, पहिलं ठळक विधेयक आणलं मिझुरीचे प्रतिनिधी इमॅन्युएल क्लीव्हर यांनी, २०२१ मध्ये. स्थावर मालमत्तेचं मूल्यांकन न्याय्य करण्याबाबतचं हे विधेयक. क्लीव्हर मेथडिस्ट पंथाचे पाद्री आणि कॅन्सस सिटीचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. त्यांच्या शहरात ट्रूस्ट अव्हेन्यू नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या पूर्वेला कृष्णवर्णीय, पश्चिमेला गोरे, अशी फाळणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली आणि घरांच्या किमतीही त्याच रेषेवर तुटत राहिल्या. वंशाच्या अटी घातलेल्या खरेदीखतांवर वसाहती उभारणारा देशातला एक बडा विकासक, जे. सी. निकोल्स, याच शहरातला. क्लीव्हर यांना हा विषय पुस्तकातून शिकावा लागला नसणार.

विधेयकाचा भर दोन गोष्टींवर होता. एक, सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांना एकत्र बसवून मूल्यांकनातला पक्षपात तपासणं आणि नियमांचा मेळ घालणं. दुसरी, या पेशात वेगळे चेहरे यावेत म्हणून राज्यांना, विद्यापीठांना, संस्थांना अनुदान देणं. हा दुसरा मुद्दा वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. अमेरिकेतले अप्रेझर जवळजवळ सगळे गोरे आहेत. परवान्यासाठी आधी एखाद्या अनुभवी अप्रेझरच्या हाताखाली हजार तास किंवा त्याहून अधिक उमेदवारी करावी लागते. अनुभवी माणसाला उमेदवार म्हणजे उद्याचा प्रतिस्पर्धी, त्यामुळे तो हाताखाली घेतो ते पोराला, पुतण्याला किंवा ओळखीच्याला. सोनाराच्या पेढीवर नवखा माणूस जसा सहज बसत नाही तसंच. उमेदवारी संगणकावरच्या सरावाने भागवता येईल अशी वाट आता निघाली आहे, पण ती अजून अरुंद आहे.

पुढच्या वर्षी, २०२२ मध्ये, प्रतिनिधीगृहाच्या वित्त समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षा मॅक्सीन वॉटर्स यांनी आणखी कडक मसुदा चर्चेला ठेवला. अप्रेझरांचे नियम एक खासगी प्रतिष्ठान ठरवतं आणि सरकार त्याला मान्यता देतं, ही १९८९ पासूनची व्यवस्था. तिच्या जागी थेट संघराज्याची स्वतंत्र संस्था आणायची, असा हा मसुदा. अप्रेझरांच्या संघटना साहजिकच बिथरल्या. सिनेटमध्ये जॉर्जियाचे राफाएल वॉर्नॉक यांनी वेगळी दिशा धरली: मूल्यांकनांची माहिती जनतेला खुली करा आणि फेरविचार मागायचा हक्क घरमालकाला द्या. क्लीव्हर यांचं विधेयक त्या काँग्रेसच्या मुदतीत कायदा झालं नाही. वॉटर्स यांचा मसुदाही मसुदाच राहिला.

राज्यं मात्र पुढे गेली. कॅलिफोर्नियाने २०२१ मध्येच कायदा केला. त्यानुसार १ जुलै २०२२ पासून घराच्या विक्रीकरारात एक सूचना छापावी लागते: मूल्यांकन निःपक्ष असलं पाहिजे, ते वंश, धर्म, लिंग वगैरे गोष्टींवरून ठरता कामा नये, आणि तसं घडलं असं वाटल्यास तक्रार इथे करा. अप्रेझरांना पूर्वग्रहाबद्दलचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. तक्रार करणाऱ्यांच्या वंशाची माहिती, त्यांची इच्छा असेल तर, नोंदवायला सुरुवात झाली.

आता दुसरी बाजू. ती बाजू केवळ धंदा राखणाऱ्यांची आहे असं म्हणून उडवून लावणं बरोबर नाही. अप्रेझर म्हणतात, आम्ही आरसा धरतो, चेहरा आमचा नाही. बाजारात लोक ज्या वस्तीत कमी पैसे मोजतात तिथे आम्ही कमीच लिहिणार. फोटो बदलून केलेले प्रयोग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि दोन अप्रेझर एकाच घराच्या किमती वेगळ्या लावतात हे गोऱ्यांच्या बाबतीतही घडतं. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१८ च्या अहवालाने कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेल्या वस्त्यांतली घरं सरासरी ४८ हजार डॉलरने कमी लेखली जातात असं मांडलं. त्यावर अमेरिकन एंटरप्राइझ इन्स्टिट्यूटच्या अभ्यासकांनी आक्षेप घेतला की यातला मोठा भाग वंशाचा नसून उत्पन्न आणि आर्थिक स्थिती यांतल्या फरकाचा आहे.

तरी काही आकडे आरशाच्या उपमेला जुमानत नाहीत. गृहकर्जांच्या बाजारातली मोठी संस्था फ्रेडी मॅक हिने २०२१ मध्ये सव्वा कोटीच्या आसपास मूल्यांकनं तपासली. इथे तुलना होती ती ठरलेल्या सौद्याशी, म्हणजे बाजारानेच जी किंमत कबूल केली होती तिच्याशी. गोऱ्यांच्या वस्त्यांत ७.४ टक्के घरांना सौद्यापेक्षा कमी किंमत लावली गेली होती. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत हेच प्रमाण १२.५ टक्के आणि लॅटिनोंच्या वस्त्यांत १५.४ टक्के. आरसा जर खरा असेल तर गिऱ्हाइकाने मान्य केलेला चेहरा त्यात एका रस्त्यावर इतक्यांदा का बिघडावा? त्याच वर्षी गृहकर्ज बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संघराज्याच्या नियामक संस्थेने अप्रेझरांनी वस्तीच्या वर्णनात लिहिलेला मजकूर चाळला, तर तिथे चक्क रहिवाशांच्या वंशाचे उल्लेख सापडले, कायद्याने बंदी असताना. जुन्या पाठ्यपुस्तकातला मजकूर १९७७ मध्ये बदलला, पण हातातली सवय बदलली नाही.

माझं मत विचाराल तर या सगळ्या विधेयकांतला सर्वांत कमी भपकेदार भाग सर्वांत उपयोगी आहे: माहिती खुली करणं आणि फेरविचाराचा हक्क. पक्षपाती माणूस शोधून त्याला शिक्षा करायची तर प्रत्येक वेळी न्यायालयात मन उघडून दाखवावं लागतं. निवडलेली तीन घरं चुकीची आहेत, दोन गल्ल्या पलीकडची ही तीन जास्त जवळची आहेत, हे दाखवायला मन उघडावं लागत नाही, नकाशा लागतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामक संस्थेने पावणेपाच कोटींच्या आसपास मूल्यांकनांची एकत्रित आकडेवारी खुली केली. ज्युनिया हॉवेल आणि एलिझाबेथ कॉर्व्हर-ग्लेन या समाजशास्त्रज्ञांनी ती वापरून दाखवलं की वस्ती गोरी असणं हीच गोष्ट किमतीत भर घालते. याच दोघींच्या २०२० च्या शोधनिबंधाचा निष्कर्ष तर अपेक्षेच्या उलट आहे: वस्तीच्या वांशिक घडणीचा घरांच्या किमतीवरचा परिणाम १९८० पासून कमी होण्याऐवजी वाढलेला आहे.

यातली एक गंमत, खरं म्हणजे गंमत नाही, सांगायलाच हवी. कर्जासाठी होणारं मूल्यांकन आणि मालमत्ताकरासाठी होणारं मूल्यांकन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ती वेगळी माणसं करतात. देशभरच्या घरांचा अभ्यास करून कार्लोस आवेनान्सियो-लेओन आणि ट्रूप हॉवर्ड या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की त्याच सार्वजनिक सोयींसाठी कृष्णवर्णीय आणि लॅटिनो घरमालकांवर १० ते १३ टक्के जास्त कराचा बोजा पडतो, कारण करासाठी त्यांची घरं बाजारभावाच्या मानाने महाग धरली जातात. बँकेच्या दारात घर स्वस्त, पालिकेच्या दारात महाग.

वॉशिंग्टनमधलं वारं मध्यंतरी फिरलं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी १ जून २०२१ ला, टल्सामधल्या कृष्णवर्णीयांच्या हत्याकांडाच्या शताब्दीला तिथे जाऊन, मूल्यांकनातल्या भेदभावाविरुद्ध कृतिगट जाहीर केला होता. मे २०२४ मध्ये त्यांच्या गृहनिर्माण खात्याने सरकारी विम्याच्या कर्जांत घरमालकाला फेरविचार कसा मागता येईल याची पद्धत घालून दिली. मार्च २०२५ मध्ये नव्या प्रशासनाच्या त्याच खात्याने ती मागे घेतली. कायदा नसताना केवळ आदेशाने दिलेला हक्क सरकार बदललं की किती लवकर जातो, याचं यापेक्षा ताजं उदाहरण नको. शिल्लक राहिलं ते संगणकाने किंमत काढणाऱ्या पद्धतींबद्दलचं बंधन: त्यांनी भेदभावविरोधी कायदे पाळलेच पाहिजेत, हा २०२४ चा नियम १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. संगणक भिंतीवरचे फोटो बघत नाही हे खरं. पण तो शिकतो जुन्या विक्रीच्या किमतींवरून, आणि त्या किमती ट्रूस्ट अव्हेन्यूच्या दोन बाजूंना आजही वेगळ्या आहेत.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट, सनीव्हेल किंवा सॅन होझेत घर घेणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. त्यांच्या करारात सह्यांच्या पानांच्या गठ्ठ्यात निःपक्ष मूल्यांकनाची ती सूचना येते, आणि बहुतेक जण न वाचता सही करून पुढे जातात. पुढच्या वेळी तिथे थांबा. अहवालाची प्रत हाती आली की शेवटचा आकडा बघण्याआधी तुलनेला घेतलेली तीन घरं कुठल्या रस्त्यांवरची आहेत ते नकाशावर शोधा, आणि जवळची सोडून लांबची घेतली असतील तर बँकेला लेखी विचारा की का.